गोडदेवला सात आटे

आत्माराम हा गोडदेवचा चावीवाला. चावी म्हणजे खिशात घालायची नव्हे. छातीला लागेल एवढी लोखंडी कांब, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातलं झाकण उचलायचं, कांब आत व्हॉल्व्हवर बसवायची आणि दांडा दोन्ही हातांनी रेटत घाण्याच्या बैलासारखं गोल फिरायचं. एक पूर्ण फेरा झाला की एक आटा. जितके आटे उघडाल तितकं त्या वस्तीला पाणी. कुठं किती आटे सोडायचे हे कुठल्याही कागदावर नव्हतं. ठेकेदाराचा सुपरवायझर तोंडी सांगायचा, आत्माराम डोक्यात ठेवायचा, आणि त्या डोक्याच्या भरवशावर भाईंदर पूर्वेतल्या बायका नळाखाली बादली लावून बसायच्या.

फेरे घेताना दम लागतो आणि दम लागला की मोजणी चुकते. म्हणून पहिली काही वर्षं तो सकाळी शाळेआधी मुलीला सोबत न्यायचा. संचिता तेव्हा दहा वर्षांची. बाप फिरायचा आणि ती शेजारी उभी राहून मोठ्यानं मोजायची. इतर पोरी पाढे म्हणत, ही "गोडदेव सात, टॉवर बावीस" म्हणायची. नववीत गेल्यावर तिला रस्त्यात उभं राहायची लाज वाटू लागली आणि तिनं जाणं सोडलं. आकडे मात्र डोक्यात तसेच राहिले.

आत्मारामाला दुसरं वेड जाखडीचं. माणूस गुहागरकडचा, तेव्हा ते असायचंच. मुंबईकर ज्याला बाल्या नाच म्हणून हसतात तोच हा प्रकार, पण त्यात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात, गाण्यातून सवाल टाकतात आणि गाण्यातूनच जवाब घेतात. आत्माराम तुरेवाला. दर गणपतीला गावच्या मंडळासाठी दोन-तीन गाणी स्वतः रचायचा आणि माइक बंद पडला तरी मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा. रचणाऱ्यानं शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफायचं असतं, त्याला छाप म्हणतात. छापेशिवाय गाणं म्हणजे त्याच्या लेखी बेवारस पोर.

अशा बापाची मुलगी गाणार हे ठरलेलंच होतं. पण ती काय गाणार हे त्याच्या बापजाद्यांनीही ऐकलं नव्हतं.

दोन हजार चार साली संचिता एस.वाय.ला होती. वर्गात साहिल नावाचा मुलगा होता, सिल्व्हर पार्कमध्ये राहणारा. त्याचे आईवडील दादरची एक खोली विकून मीरा रोडला दोन खोल्यांत आले होते आणि मुलाला हौसेनं गिटार घेऊन दिली होती. त्यानं तिला एक सीडी दिली. त्यात परदेशातली पोरं दीड-दीड मिनिटाची गाणी घसा फाडून ओरडत होती, सरकारवर, पोलिसांवर, घरमालकांवर. संचिताला शब्द कळले नाहीत, राग कळला. आठवड्यानं ती साहिलला म्हणाली, "आपण पण करूया. मराठीत."

ढोल वाजवायला पिंटू आला. तो उत्तनजवळच्या चौकचा, बापाची मासेमारीची होडी, आणि हा स्वतः लग्नांच्या ब्रास बँडमध्ये वाजवायचा. या ओरडण्याला हार्डकोर पंक म्हणतात हेही त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं एवढंच विचारलं, "जोरान वाजवायचा हाय का हळू?" जोरात, असं कळल्यावर त्यानं दुसरा प्रश्न केला नाही. बँडचं नाव पडलं 'ठणठण'. रिकाम्या हंड्यावर थाप मारली की येतो तो आवाज.

आता सराव करायचा कुठं? सिल्व्हर पार्कच्या सोसायटीनं तिसऱ्या दिवशी वीज तोडायची धमकी दिली. शेवटी संचिताची आई अनसूया कामी आली. ती स्टीलचे डबे बनवणाऱ्या एका गाळ्यात पॅकिंगला जायची. शुक्रवारी गाळा बंद. तिनं शेठला सांगितलं, पोरांना भजनाचा सराव करायचाय. शेठ भाविक माणूस. "पहले अगरबत्ती लगाना, फिर बजाना," एवढी एकच अट त्यानं घातली. ती अट या पोरांनी शेवटपर्यंत पाळली. राजकारण्यांच्या नावानं शिमगा करण्याआधी गणपतीच्या फोटोला अगरबत्ती लावणारा जगातला हा एकमेव पंक बँड असावा.

दोन-तीन महिन्यांनी आत्माराम गाळ्यात ऐकायला गेला. डब्यांच्या थप्प्यांमध्ये बसला. पिंटूनं काठ्या आपटल्या, साहिलनं गिटार खरवडली, आणि त्याची लेक खारफुटीवर भराव टाकणाऱ्या बिल्डरच्या नावानं अशी काही किंचाळली की शेल्फवरचं एक झाकण खाली आलं. सव्वा मिनिटात सगळं शांत.

"झालं?" आत्मारामानं विचारलं.

"झालं, बाबा."

"आमचा गण पण एवढ्यात सुरू होत नाही." पोरांना वाटलं, आता शिव्या. "सवाल चांगला टाकलाय," तो म्हणाला. "कुणाला विचारताय ते कळतंय. पण छाप कुठाय?"

साहिल समजावू लागला, "काका, पंकमध्ये तसं नसतं. बँडचं नाव असतं ना..."

"बँडच्या नावाआड लपून शिव्या दिल्यास तर तुझ्यात आणि भिंतीवर लिहिणाऱ्यात फरक काय? ज्याला विचारायचंय त्याला विचार, पण विचारणारा कोण ते सांग. नायतर गाऊ नको."

संचितानं वही काढली आणि तिथंच ओळ लिहिली: 'आत्मारामाची संचिता पुसते, जवाब द्या!' त्या दिवसापासून ठणठणचं प्रत्येक गाणं या ओळीनं संपू लागलं. आत्माराम खूश होऊन घरी आला. अनसूयेला म्हणाला, "ओरडते भयंकर, पण रीत पाळते."

बँड काही फार मोठा झाला नाही, हे सांगून टाकलेलं बरं. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये फी-वाढीवर गाणं म्हटल्याबद्दल त्यांना बाद केलं. एका गणपती मंडळानं दुसऱ्या गाण्याला प्लग उपटला. मीरा रोडच्या एका हॉलमध्ये चाळीस माणसं आली, त्यातली पंधरा चौकची, पिंटूची नातेवाईक, कानात बोटं घालून पण शेवटपर्यंत बसलेली. भारनियमनावरचं गाणं मात्र पोरांच्या मोबाइलवर फिरलं. ते गाणं मध्येच तुटायचं, जशी वीज जाते तसं, आणि लोक हसायचे.

मग दोन हजार सातचा मे महिना आला. गोडदेवला पाणी दिवसाआड, तेही अर्धा तास, करंगळीएवढी धार. पलीकडं टॉवरांच्या बागेत पाइप लावून गवत भिजवत होते. बायकांनी हंडा मोर्चा काढायचं ठरवलं आणि अनसूयेनं लेकीला सांगितलं, "तुमचं ते ठणठण घेऊन या. हंडे आमचे, ओरडणं तुमचं."

संचितानं दोन दिवसांत गाणं केलं. टेम्पोवर जनरेटर चढवला, पिंटूचे ढोल दोरीनं बांधले, आणि मोर्चा पाण्याच्या टाकीपाशी पोचला तेव्हा ती ओरडली:

गोडदेवला सात आटे, सात आटे, सात!
टॉवरवाल्या बागेला बावीस आटे, आत!
आमच्या पोरी रांगेमध्ये, सुकून गेले हात,
चावी कुणाच्या हुकमानं? सांगा चारचौघांत!
आत्मारामाची संचिता पुसते, जवाब द्या!

बायकांना बाकीचं कळलं-न कळलं, दोन आकडे कळले. आजवर पाणी कमी येतं एवढंच ठाऊक होतं, किती कमी ते कुणी सांगितलंच नव्हतं. चारशे बायका रिकामे हंडे बडवत "सात! बावीस!" ओरडू लागल्या. अनसूयेचा हंडा चेपला. ती घरी आली ती घसा बसवून आणि दहा वर्षांनी लहान होऊन.

आत्माराम त्या वेळी कामावर होता. त्यानं गाणं पहिल्यांदा ऐकलं ते दुसऱ्या दिवशी, पंढरीनाथच्या मोबाइलवर.

पंढरीनाथ म्हणजे ठेकेदाराचा सुपरवायझर. तोही कोकणातलाच, चिपळूणकडचा, आणि शक्तीवाला. ऑफिसातल्या बाकीच्यांनी ते गाणं ऐकून कपाळाला आठ्या घातल्या होत्या, शब्द कुणाला लागले नव्हते. पंढरीनाथनं मात्र उभी हयात जाखडीच्या बाऱ्या, म्हणजे दोन पक्षांचे सामने, ऐकल्या होत्या. गाणं कितीही गोंगाटाचं असो, शेवटच्या ओळीला कान द्यायचा हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्यानं मोबाइल टेबलावर ठेवला, गाणं लावलं आणि संपल्यावर म्हणाला, "छाप ऐकलीस ना?"

"ऐकली."

"हे आकडे तुला न् मला सोडून कुणाला माहीत नाहीत. आणि मी काय पोरीला शिकवायला गेलो नव्हतो."

खरं सांगायचं तर त्या क्षणी आत्मारामाच्या मनात भीती नव्हती. त्याच्या मनात एकच गोष्ट टोचत होती: आकडे जुने आहेत.

पंढरीनाथ वाईट माणूस नव्हता, वरून आलेलं खाली सोडणारा माणूस होता. तो म्हणाला, "हे बघ आत्माराम, पुढच्या महिन्यात यादी निघतेय. ठेक्यातली सहा माणसं महापालिकेत कायम होणार. तुझं नाव चौथं आहे, मी स्वतः बघितलंय. बारा वर्षं काढलीस. आता एक कागद लिहून दे. गाण्यातले आकडे खोटे आहेत, मुलीनं मनानं घातलेत, एवढंच. वर दाखवतो आणि विषय मिटवतो. उद्या सकाळपर्यंत."

कायम होणं म्हणजे काय ते ठेक्यावर बारा वर्षं काढल्याशिवाय कळायचं नाही. आजारपणाची रजा. म्हातारपणी पेन्शन. मुलीच्या लग्नाच्या वेळी 'वडील काय करतात' या प्रश्नाला द्यायला एका शब्दाचं उत्तर. आत्मारामाला ते हवं होतं, फार हवं होतं. त्यानं ते कधी लपवलंही नाही.

घरी तिघं बसली. अनसूयेनं जराही वेळ घालवला नाही. "द्या लिहून. कागदाला काय कळतंय? मोर्चा झाला, लोकांनी ऐकलं. तुम्ही नाही म्हणालात म्हणून सात काय सतरा होणार आहेत?"

संचिताच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ज्या पोरीला मोर्चापुढं उभं राहताना भीती वाटली नाही ती बापापुढं मान वर करत नव्हती. "बाबा, लिहा. मी ते गाणं परत म्हणणार नाही. छाप घालायला नको होती मी."

"छाप मी घालायला लावली," आत्माराम म्हणाला. "त्यावर बोलू नको." मग विचारलं, "पण मला न विचारता आकडे का घातलेस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

"नको म्हणालो नसतो. चूक काढली असती."

दोघी त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. पण त्यानं पुढं काही फोड केली नाही. वहीचा कागद फाडला, कार्बन घातला, कारण कुठलाही कागद दिला की स्थळप्रत ठेवायची ही त्याची सवय, आणि लिहायला बसला. पहिलं वाक्य त्यानं पंढरीनाथनं सांगितलं तसंच लिहिलं. 'गाण्यात दिलेले आकडे खोटे आहेत.' लिहून झालं आणि हात थांबला. सही करायला काही हरकत नव्हती. वाक्य अक्षरशः खरं होतं. त्याखाली नाव लिहिलं असतं तर देवासमोरही त्याला कुणी खोटं ठरवलं नसतं.

बारीत त्यानं कितीतरी वेळा समोरच्याची चूक पकडली होती. चूक आहे एवढं म्हणून कुणी जिंकत नाही. मंडळी लगेच ओरडतात, मग बरोबर काय ते सांग! नुसतं चूक म्हणून खाली बसणाऱ्याची हुर्यो होते. आत्मारामाची आजवर झाली नव्हती. आपल्याला कायम व्हायचंय, हे त्यानं स्वतःला दोनदा बजावलं. मग पेन पुन्हा टेकवलं.

सकाळी पंढरीनाथनं कागद घेतला. पहिलं वाक्य वाचून त्याचा चेहरा खुलला आणि त्यानं शिपायाकडून दोन्ही प्रतींवर आवकचा शिक्का मारून घेतला. मग पुढचं वाचलं.

'गाण्यात दिलेले आकडे खोटे आहेत. माझी मुलगी कु. संचिता हिने लहानपणी पाठ केलेले आकडे घातले, ते सन २००० चे आहेत. सध्या गोडदेवला सात नव्हे, पाच आटे सोडतात. टॉवरला बावीस नव्हे, सव्वीस. मी तोंडी हुकमाप्रमाणे सोडतो. हुकूम कुणाचा ते आपणास माहीत आहे. मुलीच्या चुकीबद्दल दिलगीर आहे. आत्माराम, चावीवाला.'

पंढरीनाथनं कागद खाली ठेवला. "अरे, पहिल्या ओळीवर थांबला असतास," तो म्हणाला.

"छाप घालायची होती," आत्माराम म्हणाला.

"वर हे दाखवल्याशिवाय मला गत्यंतर नाही."

"दाखव."

सोमवारी त्याला कामावरून काढलं आणि त्यानं चावी जमा केली. यादी निघाली तेव्हा चौथ्या क्रमांकावर दुसऱ्याचं नाव होतं. अनसूया चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, पण मनातलं गेलं नाही, आणि तिचं चुकलं असं कोण म्हणेल? आत्माराम स्वतःही त्या महिन्यात दोन-तीनदा, कुणी नसताना, रडला. पेन टेकवल्याचा पस्तावा झाला का असं विचारलं तर सांगता येणार नाही. कायम नोकरी गेल्याचं दुःख मात्र सरळ दुःख होतं, त्याला त्यानं दुसरं नाव दिलं नाही.

शिक्क्याची दुसरी प्रत त्यानं संचिताच्या हातात ठेवली होती. "चूक दुरुस्त कर," एवढंच म्हणाला. ठणठणनं गाण्यात पाच आणि सव्वीस घातलं. साहिलनं त्या कागदाच्या झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येक कार्यक्रमाला वाटल्या. गोडदेवच्या बायकांनी एक प्रत पेपरवाल्यांना दिली, एक वरच्या साहेबांना. पुढच्या उन्हाळ्यातही मोर्चे निघाले, चौकश्या लागल्या, आश्वासनं मिळाली. काय झालं ते कुणी सांगितलं नाही.

दरम्यान बँड मोडला. भांडण नाही, काही नाही. साहिलला बंगळुरूला नोकरी लागली. पिंटू जहाजावर गेला. जाताना ढोल गाळ्यातच सोडून गेला. "शेटला सांग, अगरबत्ती लावत रहा," असं संचिताला म्हणाला. ती एका शाळेत शिकवू लागली. मुलांना पाढे शिकवते आणि आवाज चढवावा लागत नाही.

आणि आत्माराम? त्याला पंप चालवायचं काम मिळालं, सव्वीस आटेवाल्या टॉवरमध्येच. पाण्यातला माणूस, दुसरीकडं कुठं जाणार? जमिनीखालची टाकी भरली की पंप चालू करून पाणी गच्चीवर चढवायचं. बागेतलं गवत तो दर सकाळी बघायचा आणि मान फिरवायचा.

दोन हजार नऊच्या एप्रिलात एका सकाळी टाकी भरेना. रोज सत्तर मिनिटांत भरायची, त्या दिवशी नव्वद झाली तरी हातभर कमीच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी खाली आले आणि सगळ्यांदेखत खेकसले, "क्या करते हो भाई? पानी कम क्यों आ रहा है? बगीचा सूख रहा है!" मागं दोन बायका उभ्या होत्या, त्यांनीही तोंडसुख घेतलं. आत्माराम हात बांधून ऐकत होता. इतकी गोड शिवी त्यानं जन्मात ऐकली नव्हती. त्याला हसू येत होतं आणि ते दाबायला खोकावं लागत होतं.

ते गेल्यावर त्यानं पाइपला हात लावून धार जोखली. डोळे मिटून हिशेब केला. मग कोपऱ्यावरच्या फोनवरून घरी फोन लावला.

"संचिता, वही काढ."

"कसली वही, बाबा? मी शाळेत निघालेय."

"गाण्याची. टॉवरचे सव्वीस राहिले नाहीत. एकोणीस कर. फार तर वीस, पण एकोणीसच लिही."

पलीकडं कपाट उघडल्याचा आवाज आला. "बाबा, बँड मोडून आठ महिने झाले. हे गाणार कोण?"

"ते नंतर बघू. आकडा चुकीचा राहता कामा नये." त्यानं आणखी एक रुपयाचं नाणं आत सोडलं. "आपल्याकडचे किती झाले ते मला इथून कळत नाही. आईला सांग, नळाखाली बादली लाव, आणि तू मोज."

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. नळ सुटला. बादलीत पाणी पडायला लागलं आणि त्याच्या लेकीनं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, रस्त्यात उभी राहून मोजायची त्याच सुरात. मध्येच अनसूयेचा आवाज आला, "अगं, भरली पण!"

"चाळीसात भरली, बाबा," संचिता म्हणाली. "पाच आट्यांना ऐंशी लागायचे, म्हणजे दहा आटे असतील."

"अकरा," आत्माराम म्हणाला. "तू अजून भरभर मोजतेस. लिही." त्यानं पेन कागदावर चालल्याचा आवाज ऐकला. "छाप आहे ना खाली?"

"आहे, बाबा."

"मग ठेव फोन. मला पंप लावायचाय."